बघण्यासारखे काय आहे?



सुट्ट्या जवळ आल्या की "मुलांना कुठे न्यावे?" असे विचारणारी पत्रे आमच्याकडे येऊ लागतात. यंदा एका भगिनीने लिहिले आहे, "महाबळेश्वर झाले, वॉटर पार्क झाला. मुलांना चार गोष्टी कळतील, खर्च बेताचा होईल आणि सासूबाईंनाही झेपेल, असे ठिकाण सुचवा." या भगिनीला आम्ही कोल्हापूर सुचवितो. मात्र नुसते नाव सुचवून भागणार नाही. आम्ही सहकुटुंब तेथे गेलो तेव्हा आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगितल्याशिवाय हा सल्ला पुरा होत नाही.

आम्ही, आमच्या सौ., नववीतली लेक, सहावीतले चिरंजीव आणि आमच्या आत्याबाई असे पाच जण निघालो. आत्याबाईंनी ऐंशी ओलांडली आहे. गुडघे कुरकुरतात. रिक्षा-बसची धावपळ त्यांना जमायची नाही, म्हणून एका दिवसासाठी गाडी आणि सोबत माहितगार गाईड ठरविला. फोनवर त्याने विचारले, "काय काय बघायचं?" आम्ही उत्तर दिले, "जे बघण्यासारखे असेल ते सगळे दाखवा." हीच ती चूक. वाचकांनी येथे खूण करून ठेवावी.

मुंबईहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने निघून सकाळी कोल्हापुरात उतरलो. स्थानकाचे नाव श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. आत्याबाईंनी पाटी वाचली आणि हात जोडले. गाईड दारात उभा होता. तिशीतला, गोड बोलणारा पोरगा. "आजी, सावकाश या," म्हणत त्याने आत्याबाईंची पिशवी घेतली. गाडीत बसल्यावर दिवसाचा बेत सांगितला. आधी अंबाबाईचे देऊळ, मग भवानी मंडप, खासबाग, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, नंतर नवा राजवाडा, चपलांची खरेदी आणि संध्याकाळी रंकाळा. मग मागे वळून त्याने सहज विचारले, "पावणं, आडनाव काय म्हणायचं तुमचं?"

आम्ही सांगितले. तो "बरं, बरं" म्हणाला आणि पुढे पाहू लागला. त्याच्या बोलण्यात वावगे असे काही नव्हते. पण हा प्रश्न आणि त्यानंतरचे "बरं, बरं" आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? आमच्या सौ.नी आमच्याकडे पाहिले, आम्ही खिडकीबाहेर पाहिले.

गाडी एका चौकाशेजारी उभी राहिली. "इथं पार्किंग. इथनं देऊळ जवळ हाय," एवढे सांगून गाईड चालू लागला. आत्याबाईंना उतरवून घेण्याच्या गडबडीत आम्हीही इकडेतिकडे पाहिले नाही.

देवळात आम्ही दर्शनाच्या रांगेत उभे राहिलो नाही. आम्हाला फक्त बांधकाम पाहायचे आहे, असे म्हटल्यावर गाईड क्षणभर गोंधळला. पण लगेच त्याने भिंतींवरचे कोरीव काम दाखविले. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस, मावळत्या सूर्याची किरणे पश्चिमेच्या दारातून थेट आतल्या मूर्तीपर्यंत पोहोचतात, हेही त्याने समजावून सांगितले. दिशेचा आणि सूर्याच्या चालीचा तो हिशेब लेकीने वहीत टिपून घेतला. कारागिराची बुद्धी कुठेही दिसली तरी तिला दाद द्यावी, असे आम्ही मुलांना सांगत आलो आहोत.

भवानी मंडपातून आम्ही खासबागेत गेलो. शाहू महाराजांनी बांधून घेतलेले कुस्तीचे हे मैदान १९१२ साली खुले झाले. मध्ये आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक. कुठेही बसा, कुस्ती दिसते. चिरंजीवांनी शड्डू ठोकून पाहिला. गाईडही रंगात आला होता आणि माहिती चोख देत होता.

तेवढ्यात आत्याबाईंनी विचारले, "बाळा, मिस क्लार्क बोर्डिंग कुठं आलं?"

"दसरा चौकाकडं, आजी. पण तिथं बघण्यासारखं काय बी न्हाई."

आत्याबाई गप्प झाल्या. आम्हीही गप्प. त्यांचे वडील त्या बोर्डिंगात राहून शिकले होते. ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनी त्या एवढ्या लांब आल्या होत्या. हे आम्हाला पुरते ठाऊक होते. तरी फोनवर आम्ही ते नाव घेतले नव्हते. का घेतले नव्हते? समोरचा कोण असेल, त्याला काय वाटेल, उगाच कशाला विषय काढा, या विचाराने. आम्ही शिकलो, नोकऱ्या केल्या, व्यासपीठावर तासतासभर बोललो. पण अनोळखी माणसापुढे "आमचा इतिहास या जागेत आहे, ती दाखवा" एवढे म्हणायला आमची जीभ उचलली नाही.

शेवटी आमच्या सौ. म्हणाल्या, "भाऊ, रंकाळा राहू द्या. आम्हाला बिंदू चौक दाखवा, बोर्डिंग दाखवा, गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल होतं तो रस्ता दाखवा. आणि वेळ उरला तर माणगावला न्या."

गाईड हसला. "वैनी, बिंदू चौकातच तर गाडी लावलीया की!"

म्हणजे सकाळी आम्ही ज्या चौकात उतरलो, तो चौक आम्हाला "पार्किंग" म्हणून दाखविला गेला होता आणि आम्ही तो तसाच पाहिला होता. दोष एकट्या गाईडचा कसा म्हणावा?

परत येऊन मुलांना पुतळ्यांपुढे उभे केले. महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे हे अर्धपुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी येथे बसविण्यात आले. पुढाकार भाई माधवराव बागल यांचा. बागल हे सत्यशोधक घरातले, चित्रकार आणि प्रजा परिषदेचे पुढारी. तारीख नीट पाहावी. राज्यघटना अमलात येऊन अजून वर्ष झाले नव्हते आणि बाबासाहेब देशाचे कायदामंत्री होते. लेकीने विचारले, "बाबा, जिवंतपणीच पुतळा?" होय, जिवंतपणीच. गेलेल्या माणसाला हार घालणे सोपे असते. जिवंत माणसाचे मोठेपण शेजाऱ्याने कबूल करणे अवघड असते. कोल्हापुरात ते घडले. गुरू आणि शिष्य एकाच चौकात आहेत, हेही मुलांच्या ध्यानात आणून द्यावे.

तेथून दसरा चौक. या परिसराला वसतिगृहांचे माहेर म्हटले तरी चालेल. महाराजांचा राज्याभिषेक १८९४ साली झाला, तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे लोक होते. नोकरी द्यायची तर शिकलेला माणूस हवा, आणि खेड्यातल्या पोराने शिकायचे तर शहरात त्याला राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण हवे. महाराजांनी हे नेमके ओळखले. १९०१ पासून त्यांनी एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी केली व इतरांना उभारायला मदत केली. मराठ्यांचे झाले, जैनांचे झाले, मुसलमानांचे झाले, लिंगायतांचे झाले. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मिस क्लार्क ही मुंबईच्या तेव्हाच्या गव्हर्नरांची कन्या. २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा महाराज विलायतेत होते. १९१७ साली सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम झाला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसविण्याचे फर्मान सुटले. ही सगळी साखळी एकमेकीत गुंतलेली आहे. आधी जेवण आणि छप्पर, मग शाळा, मग नोकरी. नुसता राखीव जागांचा हुकूम काढून महाराज थांबले असते, तर त्या जागांवर बसायला माणूस मिळाला नसता. आरक्षणावर घरात वाद निघाला की मुलांना ही साखळी समजावून सांगावी.

आत्याबाई फाटकाशी उभ्या राहिल्या. काठी सौ.च्या हाती दिली आणि दोन्ही हातांनी गज धरले. "माझा बा दहा वर्षांचा होता," त्या म्हणाल्या. "गावात त्याला शाळेच्या वट्याखाली बसवायचे. इथं आला तेव्हा पहिल्यांदा चार पोरांच्या पंगतीत जेवला. फायनल पास झाला, मास्तर झाला. मग आम्हा चार बहिणींना त्यानंच पाटी घेऊन दिली." एवढेच बोलल्या. आमची लेक ज्या वहीत सूर्याच्या किरणांचा हिशेब लिहीत होती, त्याच वहीत तिने हेही लिहून घेतले. गाईड थोडा दूर उभा होता. बघण्यासारखे काही नाही, असे तो पुन्हा म्हणाला नाही.

दुपारी जेवणे झाली. नंतर चपलांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने भाव सांगितला, टिकाऊपणा सांगितला, पण ही चप्पल कोणाच्या हातची हे सांगितले नाही. ते मुलांना आम्ही सांगितले. चामडे कमावणारे आणि शिवणारे हात पिढ्यान् पिढ्या चर्मकार बांधवांचे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये अशाच चपला मांडल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. ओरड झाली, तेव्हा कंपनीला मूळ कबूल करावे लागले. नाव घेतले नाही, तर वस्तू दुसऱ्याची होते. इतिहासाचेही असेच आहे.

दिवस कलू लागला तेव्हा भाऊसिंगजी रस्त्यावर गाडी थांबविली. एका साध्या टपरीवर सहा चहा सांगितले. मुलांना गोष्ट सांगायला आम्ही तोंड उघडणार, तोच गाईड म्हणाला, "मी सांगू का?"

आणि त्याने सांगितली. किती चांगली सांगितली! गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत चाकरीला होते. सवर्णांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला हात लावला, म्हणून त्यांना बेदम मारण्यात आले. महाराज परगावाहून परतल्यावर गंगारामांनी त्यांच्यापुढे जाऊन पाठीवरचे वळ दाखविले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. गंगारामांना चाकरीतून मोकळे करून धंद्यासाठी भांडवल दिले. गंगारामांनी या रस्त्यावर चहाचे दुकान काढले, 'सत्यसुधारक हॉटेल'. पण महाराच्या हातचा चहा घ्यायला वरच्या जातीचा कोणी येईना. हे कळल्यावर महाराज आपली गाडी दुकानापुढे उभी करवू लागले. स्वतः चहा मागवून घेत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजीत. छत्रपतींच्या समोर आलेला कप नाकारणार कोण?

चिरंजीव चहा प्यायचे विसरून ऐकत होते. आम्ही गाईडला विचारले, "तुला एवढी गोष्ट येते, तर सकाळपासून बोलला का नाहीस?"

त्याने कप खाली ठेवला. "शाळेत असल्यापासनं पाठ हाय, साहेब. पण गाडीत कोण बसलंय, कुणाला काय वाटंल, सांगता येत न्हाई. गिऱ्हाईक इचारत न्हाई, मी बोलत न्हाई. आज सकाळी आडनाव कळल्यावर सांगावं वाटलं व्हतं. पण तुम्हाला वाटलं असतं, आडनाव बघूनच हा पोरगा हे सांगतोय. म्हणून गप बसलो." मग थोडे थांबून म्हणाला, "माझं आजोबा बी बोर्डिंगातच शिकलं. मराठा बोर्डिंगात. न्हाईतर आम्ही पण गावाकडं ढोरंच राखत असतो."

वाचकहो, सकाळच्या त्या "बरं, बरं"चा आम्ही काय अर्थ लावला होता आणि तो काय निघाला! एकाच गाडीत दोन कुटुंबांची नातवंडे बसली होती. दोघांच्या घरात पहिली पाटी एकाच राजाच्या धोरणातून आली होती. आणि दुसऱ्याला काय वाटेल या भीतीने दोघेही तोंड शिवून शहर पाहत होते. आडनाव विचारण्याची खोड वाईटच, ती गेली पाहिजे. पण प्रत्येक प्रश्नामागे विषच असते असे नाही, हेही त्या दिवशी आम्ही शिकलो.

मग गाईडने आपणहून बेत बदलला. याच रस्त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच आहे, ते दाखविले. १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांनी त्याचे उद्घाटन केले. ज्या रस्त्यावर एकेकाळी एका माणसाच्या हातचा चहा चालत नव्हता, त्याच रस्त्यावर आपल्या समाजातला माणूस देशाचा सरन्यायाधीश म्हणून आला. यावर आम्ही वेगळे भाष्य करीत नाही. पुढे टाऊन हॉलच्या संग्रहालयाकडे बोट दाखवून त्याने ब्रह्मपुरी टेकडीच्या पोटात सापडलेल्या सातवाहनकालीन नगराची आणि रोमन बनावटीच्या कांस्यमूर्तीची हकीकत सांगितली. त्यात आम्ही भर घातली की, १८८० साली याच परिसरातल्या एका मोठ्या स्तूपात अशोककालीन वळणाची अक्षरे कोरलेला स्फटिकाचा धातुकरंडक सापडला होता. गाईडला हे नवीन होते. त्याने लेकीकडून वहीचे पान मागून घेतले.

जवळच नर्सरी बागेत महाराजांचे समाधिस्थळ आहे. महाराजांच्या पश्चात या बागेत त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात पुढाकार होता तो याच गंगाराम कांबळ्यांचा. राजाने चहा घेतला, ते ऋण चहावाल्याने असे फेडले. ६ मे २०२२ रोजी महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सगळे कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले होते. "मी पण रस्त्यात गाडी थांबवून उभा हुतो," गाईड म्हणाला.

ऊन उतरता उतरता हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला पोहोचलो. येथे २१ आणि २२ मार्च १९२० रोजी बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर. 'मूकनायक' निघून अजून दोन महिनेही झाले नव्हते, आणि त्या पत्रालाही महाराजांनी आर्थिक साहाय्य केले होते. परिषदेला महाराज स्वतः आले. तुम्ही तुमचा खरा पुढारी शोधून काढला आहे, हा तुमचा उद्धार केल्याशिवाय राहणार नाही, अशा अर्थाचे त्यांचे भाषण झाले. आत्याबाई स्मारकासमोर बसून राहिल्या. अंधार पडला तरी उठेनात.

आता सल्ला. पत्र लिहिणाऱ्या भगिनीने आणि इतरांनीही तो ध्यानात घ्यावा.

सोमवारी सरकारी संग्रहालये बंद असतात, म्हणून तो वार टाळावा. सकाळी बिंदू चौक, भवानी मंडप आणि खासबाग पाहावे, मग दसरा चौक. दुपारी टाऊन हॉल, भाऊसिंगजी रस्ता आणि नर्सरी बाग. कसबा बावड्यातला लक्ष्मी-विलास पॅलेस, जेथे २६ जून १८७४ रोजी महाराजांचा जन्म झाला, तोही यादीत घालावा. आम्हाला तो वेळेअभावी राहिला. उशिरापर्यंत थांबता आले तर माणगाव. मुलांना निघण्यापूर्वी दोन संध्याकाळी बसवून शाहू महाराजांचे चरित्र वाचून दाखवावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना तुम्हाला काय पाहायचे आहे, हे आधी विचारावे, कारण ती माणसे स्वतःहून सांगत नाहीत.

आणि आपल्या तरुण मुला-मुलींनो, गाईडचा धंदा वाईट नाही. चांगले बोलता येत असेल, तारखा पाठ असतील आणि पाहुण्याला आडनाव न विचारता सगळा इतिहास सांगण्याची हिंमत असेल, तर हे काम तुमचेच आहे. जयंतीला ट्रकमधून चौकात येणारे आपण हजारो असतो. त्या चौकाची तारीख सांगणारे किती?

आमचा गाईड रात्री स्थानकावर सोडायला आला. आत्याबाईंची पिशवी त्याने डब्यापर्यंत आणून दिली. "आजी, आता बोर्डिंग माझ्या यादीत घालतो," म्हणाला. आत्याबाई म्हणाल्या, "घाल बाळा. आणि तुझ्या आजोबांचं पण घाल."

म्हणून सांगतो, फोनवर "काय काय बघायचं?" असा प्रश्न आला, की "सगळे दाखवा" म्हणू नका. जागेचे नाव घ्या. आत्याबाईंच्या वडिलांच्या बोर्डिंगचे नाव आम्ही पहिल्याच फोनवर घेतले असते, तर त्या म्हाताऱ्या जिवाला अर्धा दिवस गप्प बसावे लागले नसते.

जय भीम.